पऱ्यातल्या माशांचं माहेर

एका आजीबाईंच्या वीजबिलावर मीटरच्या फोटोच्या जागी मासा छापून आला, त्या दिवशी मी दत्ताराम धनावडे या माणसाला पहिल्यांदा फोन केला आणि यथेच्छ झापलं. मी रत्नागिरीत मीटर वाचणाऱ्या एका एजन्सीच्या ऑफिसात काम करते. बाहेरची माणसं घरोघर फिरून मोबाइलवर मीटरचे फोटो काढतात आणि मी खुर्चीत बसून ते तपासते. म्हणजे तो मासा माझ्या डोळ्यांदेखत पुढे गेला होता. पण चूक आपली असली की दुसऱ्यावर आवाज जास्त चढतो, ही माझी जुनी खोड आहे.

"तो मळ्या हाय, ताई," पलीकडून शांत आवाज आला. "एवढा मोठा सहसा गावत नाय."

"अहो, पण मीटर कुठाय?"

"मीटर पन काढलाय की. आधी मीटर, मग मासा. पाठवताना बोट चुकलं."

आजीबाईंनी तक्रार केलीच नव्हती. दर महिन्याच्या बिलावर नुसतं काळं छापून येतं, या वेळी निदान काहीतरी ओळखू आलं, असं त्यांचं म्हणणं होतं. बिल त्यांनी देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं होतं, हे मला दत्तादादांनीच नंतर सांगितलं.

दादा तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. काटकुळे, अंगात अर्ध्या बाहीचा सदरा, खिशात दोन पेनं आणि खांद्याला एक पिशवी. त्या पिशवीत मीटरच्या कामाचं फारसं काही नसायचं. पाणी काढायचा पितळी तांब्या, चहाच्या गाळणीएवढी जाळी आणि तळाला काच बसवलेला एक प्लास्टिकचा डबा, एवढाच ऐवज. त्यांचा भाग डोंगराकडच्या वाड्यांचा. तिथे दर दोन वाड्यांमध्ये एक पऱ्या, म्हणजे डोंगरातून उतरणारा ओढा, आणि दर पऱ्यावर एक साकव, पायवाटेचा छोटा पूल. दुसरा माणूस साकव ओलांडतो. दादा साकवाखाली उतरायचे, चपला काढून दगडावर ठेवायचे आणि पोटावर आडवे होऊन डबा पाण्यावर धरून आत बघत बसायचे. लोकांना लांबून फक्त उताणे तळपाय दिसत. धनावड्याचे पाय दिसले, आता बिल येणार, असं तिथे म्हणत.

फोटोबरोबर शेरा लिहायला एक रकाना असतो. घर बंद, मीटर जळला, असं काहीतरी त्यात लिहायचं असतं. दादांचे शेरे वाचायला मी चहा घेऊन बसत असे. 'कुत्रा सुटा. खाली डोहात पिल्लं भरपूर.' 'माणसं मुंबईस. पऱ्यात साबण येतो, कोणाचा ते शोधणे.' मी ते शेरे पुसायची आणि त्या जागी 'ठीक' लिहायची. पुसण्याआधी दोनदा वाचायची, हेही खरं.

पुढे एकदा मे महिन्यात त्यांच्या गावी जाण्याचा योग आला. मातीच्या सारवलेल्या पडवीत पाच काचेच्या पेट्या ओळीने मांडलेल्या. रत्नागिरीत मिठाईचं एक दुकान बंद झालं, त्याच्या काउंटरच्या काचा आणून त्यांनी स्वतः त्या जोडल्या होत्या. एका पेटीवर अजून 'शुद्ध तुपातील' अशी अक्षरं होती. आत पऱ्यातलीच वाळू, पऱ्यातलेच दगड आणि पऱ्यातल्याच पाणवनस्पती. कुठे केसांसारखी बारीक पानं, कुठे फितीसारखी लांब, तळापासून वरपर्यंत नुसतं हिरवं. वनस्पतींची पुस्तकातली नावं विचारली तर तीही सांगायचे, पण जरा ओशाळून.

"मासे कुठायत?" मी काचेला नाक लावून विचारलं.

"बघायचं नाय ताई. बसायचं."

मला स्टुलावर बसवलं. दहा मिनिटं काही नाही. मी मनात म्हटलं, या माणसाचं डोकं फिरलंय आणि मी त्याच्या नादाला लागलेय. मग वाळूतून दोन डोळे वर आले. ती मुरी. अंग सगळं वाळूत पुरून ती आमच्याकडे बघत होती. पाण्याच्या अगदी वरच्या थरात डोक्यावर चमकता ठिपका असलेला पिकू स्थिर उभा होता, आणि तो आधीपासून तिथेच होता. काचेला तोंड चिकटवून एक मळ्या शेवाळ खरवडत वर सरकत होता. मी किती वेळ बसले ते मला कळलं नाही. वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, फणसाचे गरे आणून ठेवले होते त्यांना माश्या लागल्या.

"पाच पेट्या, दोन पिंपं, आनि कपडे वाळत घालायला जागा नाय," वहिनी म्हणाल्या. "पन मी काय बोलत नाय. माहेरवाशिणी आल्यात म्हनायचां आनि गप ऱ्हायचां."

माहेरवाशिणी हा शब्द अख्ख्या गावाचा. उन्हाळ्यात पऱ्या आटतो, त्याची डबकी होतात, आणि डबकी आटली की त्यातलं सगळं मरतं. दादा एप्रिलपासून ती डबकी फिरून अडकलेले मासे तांब्याने उचलायचे, घरी आणायचे, आणि पऱ्या पुन्हा वाहता झाला की जिथले तिथे नेऊन सोडायचे. कुठल्या डबक्यातला मासा कुठल्या पेटीत, हे वहीत लिहिलेलं असे. लोक चेष्टा करत. लेकी मे महिन्यात माहेरी येतात तशा दत्तारामाच्या घरी मासोळ्या येतात, म्हणत. त्यांचा नियम एकच होता. दुकानातलं काही पेटीत येणार नाही आणि पऱ्यातलं काही पेटीत राहणार नाही. बाकी सुरमई समोर आली तर दोन तुकडे जास्त खायचे. खायचं ते खाऱ्यातलं, बघायचं ते गोड्यातलं, असं त्यांचं साधं गणित होतं.

एवढा नियमाचा माणूस, पण भिडेपुढे साफ लोळण. एकदा बदलीवर त्यांना पूर्णगडला पाठवलं होतं. पहिल्या घरी जेवायला बसवलं. दुसऱ्या घरची बाई म्हणाली, त्यांच्याकडे जेवलात आणि आमच्याकडे नाही? तिथे जेवले. तिसरं घर त्या दुसऱ्या बाईच्या नणंदेचं. संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात आले ते सरळ बाकावर आडवे झाले.

"भीड भिकेची बहीण, दादा," मी म्हटलं.

"भीक बरी ओ ताई," ते डोळे मिटूनच म्हणाले. "भिकेत एकदाच जेवायला लागतं."

तेव्हा मी खूप हसले होते. त्यांच्या याच भिडेचा फायदा मी घेतला, हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे. इतका वेळ गमतीजमती सांगून मी ते लांबवत होते.

गेल्या वर्षी आम्ही रत्नागिरीतच, नाचणे भागात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला माझ्या दिरांनी माशांची पेटी आणली. ईशान्येला ठेवा, भरभराट होते, म्हणाले. आठ सोनेरी मासे, खाली निळे खडे आणि प्लास्टिकचं एक झाड. महिनाभर ते मासे बरे होते. मग मे महिन्याच्या अखेरीस दोन मेले. त्यांच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके होते, रवा भुरभुरल्यासारखे. मी ते कुंडीत पुरले आणि विषय बाजूला टाकला, कारण त्याच आठवड्यात मुंबईत माझ्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं. नवरा बोटीवर, घर पंधरा दिवस बंद राहणार. उरलेल्या सहा माशांचं काय करायचं, हा प्रश्न आला तेव्हा माझ्यापुढे एकच नाव होतं.

दादांनी फोनवर लगेच हो म्हटलं नाही. का, ते मला कळलं. दुकानातलं काही आत येणार नाही, हा नियम मला पाठ होता. तरी मी म्हटलं, "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, दादा. दुसरं कोण आहे मला?"

"पिंपात ठेवतो वेगळे," ते अखेर म्हणाले. मग विचारलं, "आजारी नायत ना?"

"छे हो! ठणठणीत आहेत."

इतकं सहज बोलले मी. आजारी म्हटलं असतं तर ते नाही म्हणतील, आणि त्यांना नाही म्हणायची वेळ आणून मीच अवघडून जाईन, असा काहीतरी विचार तेव्हा डोक्यात होता. आज तो विचार आठवला की स्वतःचीच किळस येते.

मुंबईत असताना दहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. आधी बहिणीची चौकशी केली. मग म्हणाले, "ताई, माफ करा. तुमचे मासे गेले. सगळेच. माझ्याकडनं हयगय झाली."

"असू दे हो, दादा," मी मोठ्या मनाने म्हटलं. मला हसू येतंय का रडू, हे आता लिहिताना मला ठरवता येत नाही.

हळूहळू बाकीचं कळलं. माझ्या माशांच्या अंगावर रवा पडल्यासारखे ठिपके आले होते. पिंप वेगळं होतं, पण तांब्या एकच होता. पिंपात पाणी घालायचं त्याच तांब्याने, आणि पेट्यांमध्येही त्याच. पाऊस लागून पऱ्या वाहता झाला तशी त्यांनी चार पेट्यांमधली पाहुणी मंडळी नेऊन सोडली. तेव्हा पिंपातल्यांसकट सगळ्यांची अंगं स्वच्छ होती. दोन दिवसांनी पाचव्या पेटीतल्या मळ्यांवर रवा दिसला.

"म्हंजे सोडलेल्यांच्या अंगात पन आसनार," ते म्हणाले. "हा रोग दिसायच्या आधी आत आसतो. पिंप जुना व्हता, कोनाकडनं तरी आनलेला. नीट उन्हात तापवलाच नाय मी."

त्यांनी माझ्या चुकीला स्वतःच एक पिंप शोधून दिलं होतं, आणि मी ते चालवून घेतलं.

त्यानंतरचे तीन महिने वाईट गेले. पावसात पऱ्या गढूळ, तांबडा. काही दिसत नाही. तरी दादा रोज जायचे, साकवावर छत्री धरून उभे राहायचे. पेट्या रिकाम्या करून, धुऊन, भिंतीला टेकवून ठेवल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं. "जेवायला बसतत आनि भात चिवडत ऱ्हातत," त्या म्हणाल्या. "मासं मेलं म्हनून मानूस असा करतो काय ओ?" ऑफिसात मात्र सगळे खूश होते. दादांचे फोटो आता नीट मधोमध येत, शेऱ्यात नुसतं 'ठीक'. ते 'ठीक' मला पुसायचीही गरज नव्हती.

दसऱ्याला त्यांनी आम्हा ऑफिसातल्यांना गावी बोलावलं. संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं असतं. गुरव देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक एका आवाजात रुकार देतात. पीकपाणी, मुंबईची चाकरमानी माणसं, गुरंढोरं, सगळं बोलून झाल्यावर दादा पुढे झाले. "पऱ्यातल्या माशांसाठी पन घाला," म्हणाले.

मागून कोणीतरी हसलं. "माशांचा गाऱ्हाना? उद्या खेकड्यांचा घालतील."

गुरव म्हातारे होते, ते हसले नाहीत. "घालतो. पन चूक कोनाच्या हातनं झाली, ता नाव घ्यायला लागतां. देवाला मोघम चालत नाय."

"माझ्या," दादा म्हणाले.

गुरवांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुजा लेकरू दत्ताराम धनावडे, हेच्या हातनं पऱ्यातल्या मुक्या जितराबाला कळत-नकळत जो काय त्रास झाला आसल..."

"व्हय म्हाराजा!"

"ता पोटात घाल, आनि तुजां पानी हाय तसां जितां ठेव..."

"व्हय म्हाराजा!"

बायकांच्या बाजूला मी हात जोडून उभी होते. सगळ्यांबरोबर मीही व्हय म्हाराजा म्हटलं. दोन्ही वेळा म्हटलं.

दिवाळीनंतर पाणी निवळलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी फराळाचा डबा घेऊन त्यांच्या गावी गेले. घरी नव्हते, साकवाखाली होते. पालथे पडून, डबा पाण्यावर धरून बघत होते. मी वर कठड्याशी बसून राहिले. ते एक दगड उचलायचे, बघायचे, आणि पुन्हा त्याच तोंडावर तसाच ठेवायचे. असे किती दगड झाले, मोजले नाहीत.

बऱ्याच वेळाने ते उठून बसले. सदरा छातीपर्यंत भिजला होता. "ह्या दगडांखाली दर वर्षी हात घालायला जागा नसायची," ते म्हणाले. "आज दोन मळ्ये. मुरी एक पन नाय. पुरानं खाली गेले, कोनी वरती मासं मारायची पावडर टाकलान, का आपला रोग, सांगायचां कसां?"

त्यांनी 'आपला' म्हटलं आणि मला पुढे गप्प राहवेना.

"दादा, माझे मासे आजारी होते. दोन घरीच मेले होते. अंगावर असाच रवा होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "कधी मेले?" एवढंच विचारलं.

"तुम्हाला द्यायच्या आधी, त्याच आठवड्यात."

त्यांनी एक शिवी हासडली असती तर मी सुटले असते. माझी तयारी होती. पण ते अगदी हळू आवाजात, मलाच काहीतरी समजावून सांगावं तसं म्हणाले, "सांगितलं आसतात ना ताई, तरी मी घेतले आसते. तांब्या वेगळा ठेवला आसता, एवढाच."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. एरवी एखाद्या बाईने डोळ्यांना पदर लावला तरी कावराबावरा होणारा माणूस, पण त्या दिवशी थांबवलं नाही. माझं आवरून झाल्यावर ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "म्हंजे देवळात नाव चुकीचां गेला."

मला आधी कळलंच नाही.

"रोग कशानं होतो, ता मला म्हायत हाय ताई. देव त्यात काय करनार? पन चार मानसांत देवासमोर खोटा नाव घेतला. माझा पन चुकला आनि सगळ्यांना व्हय म्हनायला लावलां. देवदिवाळीला परत जमतात सगळे. तेव्हा या."

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. देवदिवाळीला मी गेले. ऑफिसातल्या कोणालाही सांगितलं नाही, एकटीच गेले. देऊळ भरलेलं होतं. नेहमीचं गाऱ्हाणं झालं आणि दादांनी गुरवांच्या कानात काहीतरी सांगितलं. गुरवांनी बायकांच्या बाजूला बघितलं. "दसऱ्याला नाव घेतला ता चुकला व्हता. आज बरोबर घेऊचा हाय. कोनाच्या हातनं चूक झाली?"

"माझ्या," मी म्हटलं. मागे ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मासे आजारी होते हे मला माहीत होतं, विचारल्यावर मी नाही म्हटलं, आणि दादांनी माझ्या शब्दावर ते घेतले, हेही सांगितलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. कोणी हसलं नाही. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्या अर्धं पाऊल बाजूला सरकल्या.

नंतर सगळं रीतीने झालं. दादांनी स्वतः नारळाचा तुकडा आणून माझ्या हातावर ठेवला, पाचची गाडी चुकेल म्हणाले आणि फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत भाताच्या मळणीबद्दल बोलले. नवीन वर्ष लागलं तसं त्यांनी मीटरचं काम सोडलं, आणि देवदिवाळीनंतर मी त्यांना पाहिलेलं नाही. डोळ्यांसमोर येतात ते गाऱ्हाण्याच्या वेळचेच.

माझं बोलून झाल्यावर गुरव म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ही बाय आज आपल्या तोंडानं आपली चूक कबूल करता, तिला पदरात घे."

"व्हय म्हाराजा!" देऊळ घुमलं. म्हातारे म्हणाले, पोरं म्हणाली, जरा थांबून वहिनीही म्हणाल्या. दादा पुरुषांच्या रांगेत पुढेच होते, हात जोडलेले, नजर सरळ माझ्यावर. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. गुरवांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, पुन्हा देऊळ घुमलं, आणि त्यांचे ओठ मिटलेलेच होते.